स्वतःचा फोन, ऑफिसची ॲप्स: नव्याने जॉइन होणाऱ्यांनी पहिल्या आठवड्यात काय करायचं

काही वर्षांपूर्वी मी एक नोकरी सोडली. शेवटच्या दिवशी संध्याकाळी आयडी कार्ड परत केलं, सगळ्यांना बाय करून लिफ्टने खाली आले आणि फोन उघडला तर तो मला भाषा निवडा म्हणत होता. खोक्यातून नवीन फोन काढल्यावर विचारतो ना, तसं. आधी वाटलं हँग झालाय. दोनदा बंद-चालू केला. मग ट्यूब पेटली की वर आयटीवाल्याने माझं अकाउंट बंद करताना 'वाइप' दाबलंय आणि ऑफिसच्या मेलबरोबर माझा अख्खा फोन पुसला गेलाय. फोटो, नोट्स, वडिलांच्या तपासण्यांचे रिपोर्ट मी फोटो काढून ठेवले होते ते, सगळं. बॅकअप होता पण तो आठ महिने जुना.

त्या पोराची चूक होती का? थोडी होती. माझी जास्त होती, कारण जॉइन होताना फोनच्या मेल ॲपमध्ये ऑफिसचा मेल टाकला तेव्हा फोनने स्पष्ट विचारलं होतं की या खात्याला फोनमधला सगळा डेटा पुसायची परवानगी द्यायची का, आणि मी मीटिंगला उशीर होतोय म्हणून न वाचता ॲक्टिव्हेट दाबलं होतं.

त्यानंतर दोन नोकऱ्या झाल्या, आता टीममध्ये कोणी नवीन आलं की आयटीच्या आधी माझ्याकडे फोन घेऊन येतं. प्रत्येकाला तेच तेच सांगून झालंय म्हणून एकदाच लिहून टाकते. स्वतःचा फोन किंवा लॅपटॉप ऑफिसच्या कामाला वापरण्याला आयटीवाले 'बीवायओडी' म्हणतात, आणि कंपनीला न सांगता आपापली ॲप्स वापरण्याला 'शॅडो आयटी'. हे दोन शब्द पॉलिसीत दिसले की पान उलटू नका, तिथेच थांबून वाचा.

सुरू करायच्या आधी हे हाताशी ठेवा

- अपॉइंटमेंट लेटर, त्यात मोबाइल, लॅपटॉप, डेटा असे शब्द जिथे येतात ती कलमं खूण करून
- कंपनीची बीवायओडी पॉलिसी, ती नसेल तर 'ॲक्सेप्टेबल यूज पॉलिसी' (एचआरकडे एक ना एक असतेच)
- आयटी हेल्पडेस्कचा नंबर कागदावर लिहून. फोनमध्ये नाही, कागदावर. फोन हरवल्यावर फोनमधला नंबर काय चाटायचाय?
- फोनचा आयएमईआय नंबर (प्रत्येक फोनचा स्वतःचा वेगळा ओळख नंबर), तोही कागदावर. स्टार हॅश शून्य सहा हॅश डायल केलं की स्क्रीनवर येतो
- फोनचा पूर्ण आणि ताजा बॅकअप
- एक पासवर्ड मॅनेजर (सगळे पासवर्ड एका जागी कुलपात ठेवणारं ॲप), कुठलाही चांगला
- निवांत एक तास. मीटिंगच्या मधल्या दहा मिनिटांत हे करायला जाऊ नका, माझं काय झालं ते वर वाचलंत

१. काहीही इन्स्टॉल करायच्या आधी आयटीला एक मेल टाका

तोंडी विचारू नका. तोंडी विचारलं की "अहो काही नाही होत, सगळेच घालतात" असं उत्तर मिळतं आणि ते उत्तर नंतर कुठेच सापडत नाही. मेल साधा ठेवा, भांडायला आल्यासारखा नको. मी हा पाठवते:

"नमस्कार, मी अमुक टीममध्ये नवीन जॉइन झाले आहे. माझ्या स्वतःच्या फोनवर ऑफिसचा मेल आणि चॅट सुरू करण्याआधी चार गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. फोनवर नक्की काय इन्स्टॉल होईल? त्यातून कंपनीला माझ्या फोनमधलं काय काय दिसेल? मी नोकरी सोडली किंवा फोन हरवला तर फक्त ऑफिसचा डेटा पुसला जाईल की पूर्ण फोन? आणि स्वतःचा फोन वापरायचा नसेल तर पर्याय काय आहे?"

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. त्याचं उत्तर आलं की त्या मेलचा स्क्रीनशॉट स्वतःकडे ठेवा.

खर्चाचंही याच वेळी विचारून टाका, लाजू नका. याचे नियम जागोजागी वेगळे आहेत. कॅलिफोर्नियात २०१४ साली अपील कोर्टाने सांगितलं की कामासाठी स्वतःचा मोबाइल वापरायला लागत असेल तर बिलातला वाजवी हिस्सा कंपनीने द्यायचा, मग त्या माणसाचा प्लॅन अनलिमिटेड असला तरी. इतर ठिकाणी सगळं पॉलिसीवर अवलंबून असतं, आणि बऱ्याच पॉलिसीत मोबाइल भत्त्याची एक ओळ कुठेतरी असते जी कोणी मागितल्याशिवाय कोणी सांगत नाही.

२. फोनमध्ये नक्की काय घुसतंय ते ओळखा

सगळा घोळ इथे होतो. "ऑफिसचं ॲप टाकायचंय" या एका वाक्यामागे चार अगदी वेगळ्या गोष्टी असू शकतात आणि चारही इन्स्टॉल होताना साधारण सारख्याच दिसतात.

पहिला प्रकार सगळ्यात हलका. फक्त ॲपवर नियम. म्हणजे आउटलुक किंवा टीम्स तुम्ही नेहमीसारखं स्टोअरमधून घेता, ऑफिसच्या खात्याने लॉगिन करता, ते ॲप वेगळा पिन मागतं आणि त्यातलं कॉपी करून तुमच्या व्हॉट्सॲपमध्ये पेस्ट होत नाही. उरलेल्या फोनशी कंपनीला घेणंदेणं नसतं, उद्या पुसायचं म्हटलं तरी त्या ॲपमधला ऑफिसचा डेटा तेवढा जातो. हे मिळत असेल तर डोळे झाकून घ्या.

दुसरा प्रकार अँड्रॉइडवरचा 'वर्क प्रोफाइल'. एकाच फोनमध्ये दोन खोल्या आणि मध्ये भिंत. ऑफिसच्या ॲप्सच्या आयकॉनवर छोटी ब्रीफकेस दिसते, ॲप्सच्या यादीत 'पर्सनल' आणि 'वर्क' असे दोन टॅब येतात. तुमच्या खोलीतले फोटो, मेसेज ऑफिसला दिसत नाहीत आणि कंपनीने पुसलं तर ऑफिसची खोलीच जाते. आयफोनवर याचा भाऊ म्हणजे 'युजर एनरोलमेंट', तो २०१९ मध्ये आयओएस १३ बरोबर आला. त्यात ऑफिसचा डेटा फोनच्या स्टोरेजमध्ये वेगळ्या कप्प्यात राहतो आणि कंपनीला पूर्ण फोन पुसता येत नाही.

तिसरा प्रकार म्हणजे अख्खा फोन कंपनीच्या ताब्यात. अँड्रॉइडवर हा ओळखणं सोपं आहे, कारण तो लावायला फोन फॅक्टरी रीसेट करून नव्याने सुरू करावा लागतो. कोणी तुमच्या स्वतःच्या फोनसाठी "आधी रीसेट मारा" म्हणालं की तिथेच थांबा आणि कंपनीचा फोन मागा. आयफोनवर मात्र रीसेट न करताही एक मॅनेजमेंट प्रोफाइल (कंपनीला फोनवर अधिकार देणारी सेटिंगची फाइल) टाकून पूर्ण फोन पुसायचा अधिकार घेता येतो, म्हणून प्रोफाइल इन्स्टॉल करताना खाली जी अधिकारांची यादी येते ती शेवटपर्यंत स्क्रोल करून वाचायची.

चौथा प्रकार, माझा. फोनच्या स्वतःच्या मेल ॲपमध्ये ऑफिसचं एक्स्चेंज खातं (एक्स्चेंज म्हणजे मायक्रोसॉफ्टची ऑफिस मेलची सिस्टिम) टाकणं. दिसायला सगळ्यात साधं, कारण नवीन काहीच इन्स्टॉल होत नाही, आणि म्हणूनच फसवं. मध्ये एक स्क्रीन येते 'डिव्हाइस ॲडमिन ॲक्टिव्हेट करायचं का' म्हणून आणि खाली यादी असते: सगळा डेटा पुसणे, स्क्रीन लॉकचे नियम, कॅमेरा बंद करणे. जुनी पद्धत आहे, नव्या सेटअपमध्ये कमी दिसते, पण आयटी म्हणाली की "फोनच्या मेलमध्येच टाका" तर "त्यापेक्षा आउटलुक चालेल का" असं विचारा.

आता लोकांचा नेहमीचा प्रश्न, ते माझं काय काय बघतात. मायक्रोसॉफ्टचं इंट्यून, म्हणजे कंपन्यांनी फोन सांभाळायला वापरायचं सॉफ्टवेअर, बऱ्याच ठिकाणी असतं (फोनवर 'कंपनी पोर्टल' नावाचं ॲप दिसलं की ते इंट्यून), त्याचं सांगते. कंपनीला दिसतं ते फोनचं मॉडेल, सीरियल नंबर, सिस्टिमचं व्हर्जन, फोनला तुम्ही दिलेलं नाव, आणि फोन पर्सनल म्हणून नोंदवलेला असेल तर फक्त ऑफिसने दिलेल्या ॲप्सची यादी. दिसत नाही ते कॉल, एसएमएस, फोटो, कॉन्टॅक्ट, ब्राउझिंग, पासवर्ड. आणि हो, फोनचं नाव दिसतं म्हटल्यावर ते आधी बदलून घ्या. आमच्या टीममधल्या एकाच्या फोनचं नाव बायकोने ठेवलेलं लाडाचं नाव होतं, आयटीच्या यादीत सहा महिने तेच झळकत होतं.

पण म्हणून निर्धास्त होऊ नका. ऑफिसच्या वायफायवर किंवा व्हीपीएनवर असाल तर कुठल्या साइटवर गेलात ते नेटवर्कवाल्यांना दिसू शकतं. ऑफिसच्या खात्यातले मेल आणि चॅट कंपनीचेच, ते तुम्ही घरी गादीवर लोळत टाइप केलेत तरी. आणि सेटअपमध्ये 'रूट सर्टिफिकेट' नावाचं काही तुमच्या पर्सनल बाजूला टाकायला सांगितलं तर कशासाठी ते विचारल्याशिवाय टाकू नका, कारण त्याच्या जोरावर कंपनीच्या नेटवर्कला तुमचं कुलूपबंद ब्राउझिंगसुद्धा उघडून वाचता येऊ शकतं.

३. आधी स्वतःचं घर आवरा

बॅकअप घ्या आणि तो खरंच झालाय का ते दुसऱ्या डिव्हाइसवर एक फोटो उघडून बघा. सिस्टिम अपडेट करा. जुन्या व्हर्जनचा फोन बऱ्याच ठिकाणी आत घेतच नाहीत, विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला तेव्हापासून घरचे जुने लॅपटॉपही असेच दारात अडतायत. स्क्रीन लॉक चार आकड्यांचा असेल तर सहाचा करा, नाहीतर सेटअपच्या मध्येच तो बदलायला लावतो आणि घाईत ठेवलेला पिन हमखास विसरायला होतो.

लॉक असताना नोटिफिकेशनचा मजकूर दिसतो का ते बघा. दिसत असेल तर बंद. तुमचा फोन टेबलावर पालथा नसताना क्लायंटचं नाव आणि आकडा वर झळकतो आणि शेजारचा वाचतो, एवढं साधं आहे ते.

४. मग सेटअप

अँड्रॉइडवर साधारण असं जातं: आयटीने दिलेली लिंक किंवा क्यूआर कोड, त्यावरून मॅनेजमेंटचं ॲप, ऑफिसच्या खात्याने लॉगिन, मग 'वर्क प्रोफाइल सेट अप करा' अशी स्क्रीन. या स्क्रीनवर वर्क प्रोफाइल हे शब्द आहेत याची खात्री करा. झाल्यावर वर्क टॅबमध्ये जाऊन 'पॉज' करून बघा. पॉज केलं की ऑफिसची सगळी ॲप्स झोपतात, नोटिफिकेशन येत नाही. सुट्टीत या एका बटणाने मला जेवढं सुख दिलंय तेवढं एचआरच्या कुठल्याही वेलनेस प्रोग्रॅमने दिलं नाही.

आयफोनवर शक्यतो सेटिंग्जमध्ये 'जनरल', त्यात 'व्हीपीएन अँड डिव्हाइस मॅनेजमेंट', तिथे ऑफिसच्या खात्याने साइन इन. नंतर कधीही तिथे जाऊन फोनवर कोणाचं प्रोफाइल आहे ते बघता येतं. जुन्या नोकरीचं प्रोफाइल अजून तिथे बसलेलं सापडलं तर हसू नका, बऱ्याच जणांचं सापडतं.

परवानग्या विचारेल तेव्हा एकेक वाचा. कॅमेरा, माइक हे चॅट ॲपला लागतं, ठीक आहे. लोकेशन कशाला हवं ते विचारा. हजेरीच्या ॲपला लागत असेल तर 'ॲप वापरताना फक्त' एवढंच द्या, 'कायम' नाही. कॉन्टॅक्ट तर मुळीच नको.

५. ऑथेंटिकेटर, म्हणजे ते कोडवालं ॲप

हे स्वतःच्या फोनवर टाकायला काहीच हरकत नाही, ते कोड बनवतं, फोनमध्ये डोकावत नाही. खरा ट्रॅप फोन बदलताना असतो. जुना फोन विकला, रीसेट केला, आणि मग कळतं की कोड त्यातच होते आणि आता कुठेच लॉगिन होत नाही. गूगल ऑथेंटिकेटरमध्ये खात्यावर बॅकअप घ्यायची सोय एप्रिल २०२३ मध्ये आली, त्याआधी तर फोन गेला की कोड गेले. म्हणून सेटअपच्या वेळी जे बॅकअप कोड मिळतात ते पासवर्ड मॅनेजरमध्ये टाका. नवीन फोनवर लॉगिन होतंय हे बघितल्यावरच जुना फोन रीसेट करायचा. आपलं खाजगी ऑथेंटिकेटर आणि ऑफिसचं वेगवेगळं ठेवलं तर सोडताना बरं पडतं. फोन द्यायचाच नसेल तर हार्डवेअर की मागा, यूएसबीची छोटी किल्ली असते, बऱ्याच कंपन्या मागितली तर देतात.

आणि तुम्ही लॉगिन करत नसताना 'तुम्हीच का?' असं नोटिफिकेशन आलं तर 'नाही' हेच बटण दाबायचं. दहा वेळा आलं तरी नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये उबरमध्ये हॅकर घुसला तो असाच. कंत्राटावरच्या एका माणसाच्या स्वतःच्या डिव्हाइसमध्ये मालवेअर शिरलं होतं आणि बहुधा त्यातूनच त्याचा ऑफिसचा पासवर्ड बाजारात गेला असं उबरनेच सांगितलं. मग हल्लेखोर लॉगिनच्या रिक्वेस्ट पाठवत राहिला आणि शेवटी त्या माणसाने एक ॲक्सेप्ट केली. कंटाळून केली असणार, मी समजू शकते.

६. ब्राउझरची प्रोफाइल वेगळी करा, आजच

हे कोणीच सांगत नाही आणि यानेच सगळ्यात जास्त गळती होते. ऑफिसचा लॅपटॉप मिळतो, क्रोम उघडतो, आपले बुकमार्क हवेत म्हणून स्वतःच्या जीमेलने साइन इन करतो. झालं. आता ऑफिसच्या सिस्टिममध्ये लॉगिन करताना ब्राउझर विचारतो 'पासवर्ड सेव्ह करू का', आपण हो म्हणतो, आणि तो पासवर्ड तुमच्या घरच्या खात्यात जाऊन बसतो, तिथून घरच्या कॉम्प्युटरवर, टॅबवर, जिथे जिथे ते खातं आहे तिथे.

ऑक्टा नावाची कंपनी, जिचा धंदाच दुसऱ्यांचे लॉगिन सांभाळण्याचा, तिथे २०२३ मध्ये अगदी हेच झालं. एका कर्मचाऱ्याने कंपनीच्या लॅपटॉपवर क्रोममध्ये स्वतःचं गूगल खातं लावलं होतं आणि एका सर्व्हिस अकाउंटचं (कोणा एका माणसाचं नसलेलं, सिस्टिमच्या कामाचं खातं) युजरनेम-पासवर्ड त्या खाजगी खात्यात सेव्ह झालं होतं. त्यातूनच ते बाहेर गेलं असावं असा कंपनीचा निष्कर्ष होता, आणि १३४ ग्राहकांच्या सपोर्टच्या फाइल्सपर्यंत हल्लेखोर पोचला. त्या माणसाने काही चोरलं नव्हतं, काही विकलं नव्हतं, तुम्ही आम्ही करतो तेच केलं होतं.

करायचं असं: क्रोममध्ये वर उजवीकडे गोल फोटोवर क्लिक, नवीन प्रोफाइल, ऑफिसचं खातं, वेगळा रंग. ऑफिसच्या प्रोफाइलमध्ये पासवर्ड सेव्ह करणं बंद, त्यासाठी कंपनीचा पासवर्ड मॅनेजर. घरचं काही बघायचंच असेल तर स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या डेटावर बघा. आधीच चुकून पासवर्ड सेव्ह झाले असतील तर स्वतःच्या गूगल खात्याच्या पासवर्ड यादीत ऑफिसचं नाव शोधा, काढून टाका, आणि ते पासवर्ड बदला. नुसते काढून उपयोग नाही.

७. व्हॉट्सॲप ग्रुप

जॉइन होऊन दोन तास होत नाहीत तोवर कोणीतरी तुम्हाला टीमच्या ग्रुपमध्ये टाकतं. तिथे मॅनेजर असतो, गुड मॉर्निंग असतं, आणि त्याच्यामध्ये क्लायंटची एक्सेल शीट असते. या ग्रुपमधून बाहेर पडता येत नाही हे मला माहितीय, मीही पडले नाही. पण एवढं करा.

गॅलरीत फोटो जाणं बंद करा. अँड्रॉइडवर चॅट सेटिंग्जमध्ये 'मीडिया व्हिजिबिलिटी', आयफोनवर 'सेव्ह टू फोटोज'. का, तर ग्रुपवर आलेला कॉन्ट्रॅक्टचा फोटो गॅलरीत जातो, गॅलरीचा बॅकअप क्लाउडवर जातो, आणि मग आमच्याकडे झालं तसं होतं. घरच्या टीव्हीवर स्क्रीनसेव्हर म्हणून माझे फोटो फिरायचे, पाहुणे बसलेले, आणि पोरांच्या वाढदिवसाच्या दोन फोटोंच्या मध्ये एका क्लायंटचा दरांचा तक्ता, सहीशिक्क्यासकट, पंचावन्न इंची. सासूबाई म्हणाल्या हे कोणाचं लग्नपत्र?

ऑफिसच्या लॅपटॉपवर व्हॉट्सॲप वेब उघडलंत तर संध्याकाळी लॉगआउट करा. आता ते फोन बंद असला तरी चालू राहतं, मुख्य फोन चौदा दिवस वापरलाच नाही तर लिंक तुटते. म्हणजे तुम्ही लॅपटॉप दुरुस्तीला दिलात तर तुमच्या सगळ्या चॅट त्याच्याबरोबर गेल्या. फोनमध्ये 'लिंक्ड डिव्हाइसेस' मध्ये जाऊन बघा, तीन-चार जुनी नावं नक्की निघतील.

मंजुरी, दर, तारखा, "हो करून टाक" असले निर्णय व्हॉट्सॲपवर झाले तर त्याच दिवशी मेलवर एक ओळ टाका: "आत्ता ठरल्याप्रमाणे अमुक करते आहे." उद्या मॅनेजरने मेसेज डिलीट केला तर तुमच्या हातात काही राहत नाही. आणि तुम्ही बँकिंग, शेअर बाजार, आरोग्य असल्या क्षेत्रात असाल तर धंद्याचं बोलणं खाजगी ॲपवर करणं हा निव्वळ शिस्तीचा प्रश्न नाही. अमेरिकेत सप्टेंबर २०२२ मध्ये १६ मोठ्या वित्तीय कंपन्यांना शेअर बाजाराच्या नियामकाने मिळून १.१ अब्ज डॉलरपेक्षा जास्त दंड केला, कारण एकच, माणसं स्वतःच्या फोनवर मेसेजिंग ॲपमधून व्यवहाराचं बोलत होती आणि त्याची नोंद कंपनीकडे राहत नव्हती. त्यात ज्युनियरपासून वरच्या साहेबांपर्यंत सगळे होते. तर साहेब म्हणाला म्हणून, हे कारण टिकत नाही.

दुसरा नंबर असेल तर ऑफिससाठी तो वापरा. अँड्रॉइडवर एकाच व्हॉट्सॲपमध्ये दोन खाती चालतात.

८. आपल्या सोयीची ॲप्स

पीडीएफ जोडायची साइट, फोटोतून अक्षरं काढणारं ॲप, भाषांतराचं, मीटिंगची टिपणं आपोआप काढणारा बॉट, आणि आता एआय. कोणी कंपनीला फसवायला वापरत नाही. ऑफिसने दिलेलं टूल इतकं हळू असतं की माणूस वैतागून पहिली जी साइट सापडेल तिथे फाइल टाकतो.

मी एक साधी चाचणी लावते. ही फाइल अनोळखी माणसाच्या हातात प्रिंट काढून दिली तर चालेल का? चालत असेल तर टाका. नसेल तर नाही, कारण तिथे अपलोड करणं म्हणजे तेच. एआयलाही हेच लागू. २०२३ मध्ये सॅमसंगच्या लोकांनी आतला सोर्स कोड चॅटजीपीटीत टाकल्याचं बाहेर आलं आणि मे महिन्यात कंपनीने अशा टूल्सवर बंदी घातली. फुकट खात्यात तुम्ही लिहिलेलं मॉडेल सुधारायला वापरलं जाऊ शकतं, ते बंद करायची सोय सेटिंग्जमध्ये 'डेटा कंट्रोल्स' मध्ये आहे, पण ती बंद केली म्हणजे ऑफिसची परवानगी मिळाली असं नव्हे.

मीटिंगच्या बॉटबद्दल जरा जास्त सांगते. त्याला तुमच्या कॅलेंडरची परवानगी दिलीत की तो प्रत्येक मीटिंगमध्ये आपणहून हजर होतो, तुम्ही नसलात तरी. एका सहकाऱ्याचा बॉट त्याच्या रजेच्या दिवशी पगारवाढीच्या चर्चेत येऊन बसला होता. टिपणं सगळ्यांना मेलने गेली.

एखादं ॲप खरंच लागत असेल तर मागा. "हे हवंय" एवढं लिहू नका, "या कामाला आत्ता इतका वेळ जातो, या टूलने इतका लागेल, यात अमुक प्रकारचा डेटा जाईल" असं लिहा. मी असं मागितलेलं निम्मं तरी मिळालंय. आणि कधीकधी कळतं की कंपनीकडे त्याचं लायसन्स आधीपासून होतं, कोणी सांगितलं नव्हतं इतकंच.

काही ठिकाणी उलटंही होतं, तुमच्या खाजगी ॲपवर आक्षेप येतो. युरोपियन कमिशनने फेब्रुवारी २०२३ मध्ये कर्मचाऱ्यांना टिकटॉक काढायला सांगितलं, ऑफिसच्या फोनवरून आणि ऑफिसची ॲप्स असलेल्या स्वतःच्या फोनवरूनही. असं झालं तर दोनच रस्ते, ते ॲप काढा नाहीतर ऑफिसची ॲप्स काढा.

९. स्वतःचा लॅपटॉप

जमेल तितकं टाळा. खरंच. लागलाच तर ऑफिससाठी वेगळं युजर अकाउंट, डिस्कचं एन्क्रिप्शन (पासवर्डशिवाय डेटा वाचता येऊ नये असं कुलूप) चालू, आणि घरातल्या कोणाला त्या अकाउंटचा पासवर्ड नाही. पोरांनी गेमचा क्रॅक टाकलेल्या मशीनवर ऑफिसचं काम करू नका. बाकीची जुनी सॉफ्टवेअरही बघा. २०२२ मध्ये लास्टपास या पासवर्ड मॅनेजर बनवणाऱ्या कंपनीच्या एका इंजिनिअरच्या घरच्या कॉम्प्युटरवर मीडिया बघायच्या एका सॉफ्टवेअरमधल्या त्रुटीतून हल्लेखोर शिरला, त्या इंजिनिअरने टाइप केलेला मास्टर पासवर्ड उचलला, आणि त्यातून कंपनीच्या क्लाउडमधला डेटा उघडायच्या ज्या किल्ल्या हाती लागल्या त्या कंपनीत फक्त चार जणांकडे होत्या.

१०. फोन हरवला तर

आधी हेल्पडेस्क, मग बाकीचे. लोक दोन दिवस शोधत बसतात, ओरडा बसेल म्हणून. उशिरा सांगितल्याचा ओरडा जास्त मोठा असतो. कागदावरचा नंबर फिरवा, ऑफिसचा भाग पुसायला सांगा, वेळ लिहून ठेवा. मग दुसऱ्या डिव्हाइसवरून फोन लॉक करा, सिम बंद करा, पोलिसात नोंद करताना आयएमईआय द्या. पूर्ण फोन पुसायचा निर्णय तुमचा, पण पुसल्यावर तो नकाशावर दिसायचा बंद होऊ शकतो हे लक्षात ठेवून घ्या.

११. नोकरी सोडताना, या क्रमाने

राजीनामा द्यायच्या आधीच बॅकअप, कारण काही ठिकाणी राजीनाम्याचा मेल गेला की तासाभरात खातं बंद होतं. तुमचं स्वतःचं जे आहे तेवढंच घ्या: पगाराच्या स्लिपा, कराचे कागद, अनुभव पत्र. ऑफिसच्या फाइल्स स्वतःच्या जीमेलवर पाठवू नका, "माझंच काम होतं" म्हणून पाठवणारे बरेच असतात आणि ते लॉगमध्ये लख्ख दिसतं.

ऑफिसच्या मेलवर कुठली खाजगी खाती उघडली असतील, बँक, विमा, मुलांची शाळा, तर तिथला मेल बदला. हे राहिलं तर नंतर पासवर्ड रीसेटची लिंक अशा इनबॉक्समध्ये जाते जो आता तुमचा नाही.

शेवटच्या दिवशी वर्क प्रोफाइल किंवा मॅनेजमेंट प्रोफाइल स्वतःच काढा, पण आयटीला विचारून, म्हणजे त्यांना पुसायचं बटण दाबायची गरजच पडत नाही. मग ऑथेंटिकेटरमधली नोंद, व्हॉट्सॲप ग्रुप, लिंक्ड डिव्हाइसेस. तुम्ही एखाद्या ग्रुपचे ॲडमिन असाल तर दुसऱ्या कोणाला करून मगच बाहेर पडा. आयटीकडून "डेटा काढला आहे" असा एका ओळीचा मेल मागा.

घरी गेल्यावर एकदा फोनचं कॅलेंडर बघा. माझ्या फोनमध्ये सोडून चार महिने झाले तरी दर सोमवारी सकाळी साडेनऊला जुन्या टीमच्या स्टँडअपचं रिमाइंडर वाजत होतं, खातं कधीच गेलं होतं पण ती मीटिंग मी कधीतरी स्वतःच्या कॅलेंडरमध्ये कॉपी केली होती.